ओसरीवरचं कॉफीचं मशीन

भूम,
मे १९८४

प्रिय शरणप्पा,

प्लॉटच्या अदलाबदलीच्या कागदावर सही करून पाठव, असा तुझा निरोप दोनदा पोचला. कागद माझ्याजवळच आहे, पिशवीत घडी करून ठेवलाय. इथं भूमला सोसायट्यांचं ऑडिट चालू आहे आणि आज बाजार असल्यामुळं एकही चेअरमन हाताला लागणार नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलो. सहीचं सांगतोच. पण त्याआधी मला कॉफीबद्दल बोलायचंय. तू म्हणशील, प्लॉटमध्ये कॉफी कुठून आली? जरा दम धर. ऑफिसात तुझ्यासमोर बसून हे मला बोलता आलं नसतं, माझा आवाज चढला असता, आणि आवाज चढला की माणूस खरं बोलत असला तरी लोकांना तो भांडखोर वाटतो.

गेल्या दिवाळीनंतर तू माझ्या टेबलाशी आलास आणि म्हणालास, ‘कोंडिबा, घरी कॉफीचं मशीन घ्यायचंय. कसलं घेऊ?’ महादेवीवहिनी हुबळीच्या, त्यांना चहानं पित्त होतं आणि त्यांचे भाऊ आले की तुझ्या घरचा चहा बघून तोंडं वाकडी करतात, हे सगळं तू रंगवून सांगितलंस. अख्ख्या ऑफिसात कॉफीतलं कळणारा मी एकटा. लष्करात असताना बंगळूरला राहिलो, तिथल्या मेसमधल्या कूर्गच्या हवालदारानं मला कॉफी करायला आणि प्यायला शिकवली. तू मला विचारलंस याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! घरी जाऊन केशरला सांगितलं, शरणप्पा माझ्या शब्दाशिवाय मशीन घेणार नाही म्हणाला. जणू मला कुणी जिल्ह्याचा कारभारच सोपवला होता.

तुझा जीव जडला होता सोलापूरच्या हॉटेलातल्या त्या फुसफुसणाऱ्या तांब्याच्या धुडावर. तुला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. म्हटलं, अरे, ते लग्नाच्या मांडवात शोभतं, ते ठेवायला तुला आधी स्वयंपाकघर पाडावं लागेल. मग तू विजेच्या मशीनवर आलास. आपल्या गावची वीज तुला माहीत नाही का? ऐन पाहुणे आले की ती जाते, आणि असते तेव्हा बल्ब लावलाय की नाही हे काडी ओढून बघावं लागतं. गॅसवरचं वाफेचं मशीन सोलापूरच्या दुकानदारानं पुढं केलं, पण त्याच्या आत रबराची रिंग होती. ती झिजली की आपल्याकडं कुठं मिळणार? आणि टँकरचं पाणी आठव, किटलीत चुन्यासारखा थर बसतो, त्या बारीक नळ्या महिन्याभरात बुजल्या असत्या. माझ्या घरी आहे तसं पितळी फिल्टर चांगलं, पण ते थेंब थेंब गळत राहतं आणि वहिनींच्या भावांना तर नेहमी गाडीची घाई. शेवटी आपण ते स्टोव्हवर ठेवायचं पर्कोलेटर घेतलं. ॲल्युमिनियमचा जग, आत चाळणी, मधोमध नळी, झाकणाला काचेची टोपी. सगळे भाग सुटे होतात, हातानं घासता येतात, झिजण्यासारखं काही नाही. दुकानातच पाणी भरून मी ते गळतं का बघितलं, काचेची टोपी फुटली तर दुसरी आहे का विचारलं, झाकण दहादा उघडून लावलं. दुकानदार वैतागून म्हणाला, ‘साहेब, मशीन घ्यायला आलाय की मुलगी बघायला?’ तू इतका हसलास की तुला स्टुलावरून उठावं लागलं.

घरी आल्यावर तू म्हणालास, ओसरीवरच करून दाखव, आत धूर होतो, शिवाय आई, आपली अव्वा, जुन्या वळणाची आहे. मी लगेच हो म्हटलं. आमच्यासारख्या माणसांना लगेच हो म्हणायची सवय असते, समोरच्याची अडचण व्हायच्या आत आपणच ती दूर करायची. वहिनी उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. मी मशीनचे भाग सोडवले, घासले, परत बसवले. पूड जाडसर हवी, चाळणी गच्च भरायची नाही, काचेच्या टोपीत उसळणारं पाणी गुळाच्या रंगाचं झालं की स्टोव्ह बारीक करायचा, सगळं नीट सांगितलं. तू दोन कप प्यालास. वहिनी म्हणाल्या, आज माझा उपास आहे. अव्वा म्हणाली, मला चहाच बरा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर दर रविवारी आपली कॉफी ठरलेली. ओसरीच्या फळीवर मशीन, शेजारी स्टोव्ह, आणि तू स्वतः मांडी घालून कॉफी करायचास. म्हणायचास, ‘तू शिकवलंस, तुझ्यासमोरच केली पाहिजे.’ लेका, मी भारावून जायचो. बायकोला कामाला न लावता एक माणूस आपल्या हातानं आपल्यासाठी कॉफी करतो, त्याला काय म्हणायचं? केशरला मी हे कौतुकानं सांगितलं. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, ‘वहिनीच्या हातची कॉफी कदी पेलात का तुमी?’ मी तिच्यावर असा खेकसलो की काही विचारू नकोस. म्हटलं, तुला सगळीकडं वाकडंच दिसतं, शरणप्पा तसला नाही. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

मी खेकसलो त्याला कारण होतं. बहात्तरच्या दुष्काळात जळकोटच्या बाजूला पाझर तलावाच्या कामावर आपण दोघं हजेरी मांडायला होतो. टँकर आला नाही, त्या दिवशी माझ्या लष्करी बाटलीत होतं तेवढंच पाणी. मी भांडं शोधत होतो, तुला वरून ओतावं म्हणून. तू बाटली हिसकावून घेतलीस, तोंड लावून प्यालास आणि मला परत दिलीस. मी कोणत्या वस्तीतला, माझ्या बापानं छप्पन्न सालानंतर घरातले देव काढून बुद्धाची तसबीर का लावली, हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तू म्हणालास, आमच्या बसवण्णांनी जात मोडली, तुमच्या बाबासाहेबांनी मोडली, मग आपल्या दोघांत उरलं काय? शेकडो माणसं ऐकत होती तिथं. शरणप्पा, त्या एका वाक्यावर मी बारा वर्षं जगलो. कुठं काही खुपलं की मी मनाला सांगायचो, सगळे सारखे नसतात, आपला शरणप्पा आहे.

म्हणून तर गृहनिर्माण संस्थेत आपण शेजारचे प्लॉट मागून घेतले, तुझा सात, माझा आठ. मधल्या हद्दीवर दोघांत मिळून एक बोअर घ्यायचं, एकच मोटर, खर्च निम्मा निम्मा, हे तुझंच डोकं. विटेच्या तुकड्यानं जमिनीवर रेघ ओढून तू मला कुंपणातलं फाटकसुद्धा दाखवलंस, पोरांना इकडून तिकडं पळायला. केशरनं तेव्हाच ठरवलं होतं की फाटकाशी मोगरा लावायचा. आणि यंदा होळीच्या सुमारास तू सहज म्हणाल्यासारखा म्हणालास, ‘कोंडिबा, तू तेवीस नंबर घे. कोपऱ्याचा आहे, दोन्ही बाजूंनी रस्ता, पुढंमागं दुकान काढशील. आठ नंबर आमचा सिद्रामप्पा घेईल.’ सिद्रामप्पा तुझा चुलतभाऊ, त्याची सोय बघतोयस असं मला वाटलं. मी हो म्हटलं. वर घरी जाऊन सांगितलं की बघ, माझ्या पुढच्या पोटापाण्याचासुद्धा विचार करतो हा माणूस.

भूमला निघायच्या आदल्या दिवशी मी कागद घेऊन तुझ्याकडं आलो होतो. तुझ्यासमोरच सही करावी, कॉफी प्यावी आणि जावं असा बेत. तू घरी नव्हतास. मी आलो होतो हे तुला अव्वानं सांगितलं की नाही कोण जाणे. अव्वा ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. ‘ये यप्पा, बस,’ म्हणाली. मी बसलो. फळीवर मशीन पालथं घातलेलं होतं, कोरडं. आणि आतून कॉफीचा वास येत होता. पूड उकळून केलेली नव्हे, मशीनची कॉफी. तो वास मला झोपेतही कळेल. मी हसत विचारलं, अव्वा, मशीन तर इथं आहे, मग आत कॉफी कशात होतेय? तिनं सुपातली ज्वारी निवडत अगदी सहज सांगितलं, ‘ह्ये व्हय? ह्ये भायेरचं. आतलं दुसरं हाय की, आसलंच. तू शिकवून गेलास, त्येच्या दुसऱ्या दिवशी शरणू सोलापूरला जाऊन घिऊन आला. म्या म्हनलं, दोन दोन कशाला रं, एकात भागतंय की. तर म्हनला, अव्वा, तुला न्हाय कळत.’

मग तिनंच आत हाक मारली, ‘महादेवी, कोंडिबाला बी दे गं कपभर.’ आत भांड्यांचा आवाज चालू होता, तो थांबला. कुणी आलं नाही. अव्वाला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून तिनं आणखी मोठ्यानं हाक मारली. मी उठलो, तिला नमस्कार केला, गाडीची वेळ झाली म्हणालो आणि पायऱ्या उतरलो. मागून ती म्हणत होती, ‘आरं, कॉफी तरी पिऊन जा.’ ज्या म्हातारीच्या नावावर तू मला इतके महिने ओसरीवर बसवलंस, तीच एकटी मला आतली कॉफी द्यायला निघाली होती.

तू दुसरं मशीन आणलंस त्या दिवशीची रजा मला आठवली. अव्वाचे डोळे दाखवायला सोलापूरला जायचंय म्हणून तू रजा टाकलीस आणि तुझं काम मी केलं. खुशीनं केलं. माझी निवड तुला इतकी पसंत पडली की तू तीच दोनदा विकत घेतलीस. एक माझ्या हातची, एक माझा हात न लागलेली. शरणप्पा, तू मला फसवलंस. दुसरा शब्द मला सापडत नाही, आणि शोधायचीही इच्छा नाही. वरून पाणी ओतणारी माणसं मी खेड्यापाड्यांत अजून बघतो. त्यांच्याशी कसं वागायचं मला माहीत आहे, मी पाणी नको म्हणतो आणि काम उरकून निघतो. त्यांनी मला कधी रडवलं नाही. तू मात्र माझ्यासमोर मांडी घालून बसलास, माझा कप तुझ्या हातानं भरलास, नंतर तो तुझ्याच हातानं धुऊन वेगळा ठेवलास, आणि मी त्याला माया समजलो. केशरला एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नाही, कारण मला बघायचंच नव्हतं. तिच्यापुढं मान वर करायची मला आता लाज वाटते. वहिनींना मी बोल लावत नाही, अव्वाला तर नाहीच. त्यांनी मला कधी भाऊ म्हटलं नव्हतं. तू म्हटलं होतंस.

आणि मग प्लॉटच्या अदलाबदलीचं कोडंही सुटलं. एका हद्दीवरचं एकच बोअर म्हणजे एकच पाणी, तुझ्या देवघरात तेच आणि माझ्या न्हाणीत तेच. मशीन दोन घेता येतात, बोअर एकच घ्यायचं तर शेजारी दुसरा हवा. सिद्रामप्पा हवा. रविवारी संस्थेची बैठक आहे, त्याआधी कागद पोचला पाहिजे असं तुझा निरोप्या म्हणाला, म्हणून हे पत्र आजच टाकतोय. कागदावर मी सही करणार नाही. पहिल्यांदा मनात आलं होतं की संस्थेतूनच नाव काढून घ्यावं, कुठंही राहावं, पण तुझं तोंड रोज बघायला नको. केशरला तसं बोललो, तर ती म्हणाली, ‘आपुन का म्हून जायाचं? आठ नंबर आपल्याला पैसं भरून मिळालाय, कुनाच्या मेहरबानीनं न्हाय.’ तिचं बरोबर आहे. बैठकीला मी येतो आहे, आणि तुला ठराव मांडायचा असेल तर सगळ्यांसमोर मांड आणि कारण काय तेही सांग. मी आठ नंबरवर घर बांधणार आहे. माझं बोअर मी माझ्या हद्दीत घेईन. उन्हाळ्यात तुझं आटलं आणि माझ्याला पाणी असलं, तर नाही म्हणणार नाही, तेवढा मी हलका नाही. पण कुंपणावरून घागर देणार नाही. तुला आत, आमच्या स्वयंपाकघरात यावं लागेल, आणि केशरच्या हातून घ्यावं लागेल.

तुझा शेजारी,
कोंडिबा