पाहुण्यांसाठी वसतिगृह रिकामं

११ एप्रिल
चौदापर्यंत वसतिगृह रिकामं करा म्हणे! सतराला दिल्लीचे नेते येणार. कॉलेजच्या पंचाहत्तर वर्षांत एवढा मोठा माणूस प्रथमच. मुलींच्या खोल्यांत पोलीस उतरणार. प्राचार्यांना आठवण करून दिली — बावीसला परीक्षा आहे. "मॅडम, इतिहास घडतोय," म्हणाले. मला सांगतात! चाळीस वर्षांपूर्वी इथेच इतिहास घेऊन बी. ए. झाले. तेव्हा हे पाळण्यात असतील.

१३ एप्रिल
ज्योत्स्ना रडत आली. बी. एस्सी.चं शेवटचं वर्ष, वर्गात पहिली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेली की मुलाकडचे पाहायला येणार, हे ठरलेलं. गेली दोन वर्षं 'प्रॅक्टिकल आहे' असं पत्र मीच तिच्या वडिलांना लिहिलं. यंदा काय लिहू? वसतिगृह बंद ही बातमी पेपरात छापून आली आहे.
चार दिवस भिकुबाईकडे राहते म्हणाली — आमची स्वयंपाकीण. नाही म्हटलं. फाटकाबाहेर मुलगी पालकाच्याच हाती द्यायची. तीस वर्षं रेक्टर आहे, हा नियम मोडलेला नाही. एकीला सूट दिली की दहा मागतात.

१४ एप्रिल
जामनेरहून तिचे वडील रुपचंदभाऊ आले. रजिस्टरवर सही केली. परीक्षा आठ दिवसांवर, आणि पुस्तकांची पेटी इथेच राहू द्या म्हणाले. तेव्हाच समजले मी.

१७ एप्रिल
आले, गेले. अकरा मिनिटं. मला पास नव्हता. भिकुबाई म्हणते, हेलिकॉप्टरने तिचे वाळत घातलेले पापड उडवले, तेवढंच दर्शन.

१९ एप्रिल
आखाजी. ज्योत्स्नाचा फोन बंद.

२० एप्रिल
बाकीच्या मुली परतल्या. तिची खाट तशीच. मैत्रिणींना कळलं — लग्न ठरलं, सुपारी फुटली. प्राचार्य म्हणाले, घरगुती बाब आहे, आपण पडू नये. पेटी इथे, हॉल तिकीट माझ्या टेबलावर. उद्या सकाळच्या एसटीने जामनेर. त्या माणसाशी भांडायचं आहे. काही होईल असं वाटत नाही.

२१ एप्रिल
भांडावं लागलं नाही. रुपचंदभाऊंनी चहा दिला. "न्या ना मॅडम, परीक्षेले कोन नाही म्हनते? तिलेच इचारा."
विचारलं. हॉल तिकीट पुढे केलं. तिने घेतलं नाही.
"आबा नाही म्हणतील याची तयारी होती, मॅडम. त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाल याची नव्हती."