पिन फक्त माझ्याकडे

१५ एप्रिल, मंगळवार

फॅक्टरीत आल्या आल्या मॅनेजर पावसकर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. परवा आंब्याच्या रसाच्या एका बॅचचं तापमान टॅबवर चढवलंच गेलं नाही — अख्खी बॅच बाजूला काढावी लागली. वर त्याच टॅबवर गाण्यांचे व्हिडिओ सापडले. "हॉलमधले सगळे टॅब आज लॉक करा, मनस्वी. नोंदीचं ॲप सोडून काही उघडता कामा नये. पिन फक्त तुमच्याकडे."

केलं. आता कुठेही दाबलं तरी नोंदीचं पान हलत नाही. काम नीट झालं म्हणून बरं वाटत होतं — जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

सुट्टीत सगुणा टॅबसमोर उभी. आंबे सोलणाऱ्या टेबलावरची, देवरूखच्या वरच्या अंगाच्या गावातली, हंगामापुरती इथल्या खोल्यांत राहते. हातमोजा काढून पडद्यावर बोट दाबतेय, पुन्हा दाबतेय.

"मॅडम, बिघडलाय काय ह्यो?"

म्हटलं, बिघडला नाही, बंद केलाय. तिनं मोजा परत चढवला.

१६ एप्रिल

तुळसाकडून कळलं. दोघी एकाच टेबलावर. सगुणाची मुलगी राही नऊ वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही. मायलेकी हातांनी बोलतात. त्यांचं त्यांनीच जमवलेलं बोलणं, आजीलासुद्धा अर्धंच कळतं. नवरा मुंबईला. गावात रेंज नाही. वर सड्याच्या माळावरच्या अंगणवाडीत तेवढी येते. तिथल्या ज्ञानेश्वरीताई दुपारी स्वतःचा फोन राहीसमोर धरतात, आणि इकडून सगुणा टॅबवर व्हिडिओ कॉल लावायची. संध्याकाळी ताई आपल्या घरी जातात, म्हणजे दुपारचीच वेळ. आणि दुपारी आमच्याकडे हॉलमधल्या सगळ्यांचे मोबाइल कामावरून सुटेपर्यंत गेटवर जमा!

रोज हे चालायचं. मी कधी पाहिलंही नव्हतं.

१८ एप्रिल

सरांना विचारलं. रागावले नाहीत, हेच वाईट. "मला कळतं हो. पण आज एकीला दिलं की उद्या सगळ्या येतील. कुणाला नाही म्हणाल?" 

सगुणाला म्हटलं, माझा फोन घे, गेटबाहेर जाऊन बोल. "नको मॅडम. गेटवर दहा लोकं बघतात. तुमाला बोल लागंल."

१९ एप्रिल

आजही काही केलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

ऑफिसच्या फोनवर ज्ञानेश्वरीताई. "सगुणाला जरा बोलवता का? पोर दुपारची येऊन बसते ती उठत नाही. मी कुलूप लावलं तरी पायरीवर बसून राहते. आईचं काय झालं म्हणून विचारते, मला हातांनी सांगता येत नाही."

सगुणाला बोलावलं. ताईंशी बोलली. मग ताईंनी बहुतेक फोन मुलीपाशी धरला असावा, कारण सगुणा एकदम गप्प झाली. रिसीव्हर कानाला घट्ट लावून उभी. मोकळा हात थोडा वर आला, बोटं हलली, आणि खाली गेला. कुणाला दाखवणार?

मग म्हणाली, "श्वास आयकू येतो तिचा."

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. आईनं विचारलं, कामावर काही झालं का? नाही म्हटलं.

२३ एप्रिल

उघडला. सुट्टीत माल मोजायच्या निमित्तानं एक टॅब स्टोअररूममध्ये नेला, पिन घातला, सगुणाला आत घेतलं. मी दाराशी.

राहीनं आईला पाहिलं आणि पाठ फिरवली. सगुणा हात हलवत राहिली, पण पाठीला काय दिसणार? ताईंनी खांद्याला धरून वळवलं तर डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं सगळं. मग एक डोळा उघडला. मग दोघींचे हात असे काही सुटले की बघत राहिले. मध्येच सगुणा हसायची, तेवढाच काय तो आवाज.

टॅब परत लॉक करून जागेवर ठेवला.  खूप दिवसांनी भूक लागली.

२६ एप्रिल

रोज चाललंय. राहीचा पुढचा दात पडला. सगुणानं मलाही पडद्यावर दाखवला.

२९ एप्रिल, मंगळवार

तुळसानं हात धुताना गाठलं. "मॅडम, माझ्या पोराला पण दाखवा ना मला. पाच वर्षांचा हाय."

म्हटलं, तुझा मुलगा ऐकतो गं. रात्री खोलीवरून फोन करतेस ना तू?

ती माझ्याकडे बघत राहिली. "बहिरा नाय म्हणून त्याला आई बघायला नको?"

मी नाही म्हटलं. दोघींना स्टोअररूममध्ये नेलं असतं तर चार दिवसांत सगळा हॉल दाराशी असता. सर हेच म्हणाले होते. तेव्हा मला ते दगडाच्या काळजाचे वाटले होते!

२ मे, शुक्रवार

तुळसानं सरांच्या कानावर घातलं. माझं नाव घेतलं नाही, एवढंच म्हणाली की टॅब कुणीतरी उघडतं आणि सगुणा बोलते. सरांनी हॉलमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "कोण उघडतं?"  सगुणानं मान खाली घातली. मी टॅबवरची नोंद बघत राहिले.

सर उद्या-परवा चिपळूणला आहेत. सोमवारी मी स्वतः जाऊन सांगणार. नोकरी गेली तर गेली. आईला अजून बोलले नाही.

५ मे, सोमवार

केबिनमध्ये शिरले तर सर म्हणाले, "मिटलं ते. सगुणानं शुक्रवारीच निघायच्या आधी मला गाठलं. म्हणाली, मॅडम पिन घालताना बोटं बघून ठेवली, मीच चोरून उघडत होते. हिशेब घेऊन गावी गेली."

"सर, ती खोटं बोलली. मी उघडत होते."

सर खिडकीबाहेर बघत होते. "ठाऊक आहे मला. पण एकीवर भागलंय. हंगाम भरात आलाय, दोघींना कुठून घालवू?"

नव्या पिनची चिठ्ठी त्यांनी टेबलावरून पुढे सरकवली.

मी घेतली.