उघड्या चेहऱ्याचा नेमबाज

६ जुलै, शनिवार

नगरपालिकेच्या कावळा-निर्मूलन पथकात निवड झाली. उशिरा का होईना, योग्य माणूस योग्य जागी. बाकीच्यांची माहिती काढली. दुरियान फळाचे बागायतदार, एक निवृत्त हवालदार, आणि दंतवैद्य डॉ. खू, माझा जुना विद्यार्थी, पदार्थविज्ञानात दोनदा नापास. महिनाअखेर सर्वाधिक कावळे पाडणाऱ्याला चषक आहे. तो कोणाकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

बंदूक वडिलांची. दुनळी. ते रेल्वेत स्टेशनमास्तर होते. बागेतल्या रानडुकरांसाठी परवाना घेतला होता. कमरेशी धरून, कोणाशी तरी हसत-बोलत बार काढत. शास्त्र शून्य. मी प्रत्येक वेळी त्यांची चूक दाखवून देत असे. (नेम लागायचा, हे मान्य. पण तो योगायोग.)

संकल्प: जुलैअखेर चषक मिळवणे. ४ ऑगस्टला आडी अमावास्या, आम्हा तमिळांची पितरांची अमावास्या, म्हणजे वडिलांचे पान. चषक तसबिरीसमोर ठेवणे.

तिलकाने शंका काढली. म्हणाली, अहो, सगळे कावळे तुम्हीच मारलेत तर अमावास्येला मामंजींचा घास शिवायचा कोणी? मी सांगितले की मलेशियात, त्यातही सुंगाई केलादीत कावळ्यांचा तुटवडा पडणार नाही. ती रोज मागच्या कुंपणावर पहिल्या वाफेचा भात ठेवते. एक लंगडा कावळा येतो. त्याला ती 'मामंजी' म्हणते. मला हे पसंत नाही. वडील लंगडत नव्हते.

७ जुलै, रविवार

मासळी बाजार. पहिली फेरी.

सर्वांनी तोंडे झाकलेली. कोणी मफलर, कोणी हेल्मेट. डॉ. खू दवाखान्यातला हिरवा मास्क लावून आला होता. एक माझ्यासाठीही आणला होता. म्हणाला, सर, घ्या, लावा. ही जात चेहरा विसरत नाही. एकदा मनात धरलं की पोराबाळांना दाखवून ठेवतात. मी नम्रपणे नकार दिला. ज्याने वर्षानुवर्षे प्रार्थनेच्या वेळी शाळेच्या मंचावर उघड्या चेहऱ्याने उभे राहून शिस्त लावली, त्याने पक्ष्यापासून तोंड लपवायचे? पांढरा सदरा, शाळेचा टाय, खाकी हॅट. माणसाने शिकारीलाही नीटनेटके जावे.

निकाल: शून्य. कारणे: (१) समुद्रावरून वारा. (२) काडतुसे दमट. (३) कावळ्यांचे उड्डाण अत्यंत बेशिस्त.

डॉ. खूने करी-पफ खाता खाता सात पाडले. मला म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका सर, तुमचेच गाववाले ना. इंग्रजांनी सिलोनहून इकडच्या कॉफीच्या मळ्यातल्या अळ्या खायला हे कावळे आणले आणि हिशेब लिहायला तुमचे आजोबा. बोट एकच असेल. सगळे हसले. पदार्थविज्ञानात नापास होणाऱ्यांना इतिहास बरा जमतो.

८ जुलै, सोमवार

चूक सापडली. बंदुकीची नव्हे, पद्धतीची. लोक अंदाजाने मारतात. छर्ऱ्यांचा वेग, कावळ्याचा वेग, अंतर. गणित सोपे आहे. तीस मीटरवर आडव्या जाणाऱ्या कावळ्याच्या चोचीपुढे सव्वा मीटर नेम धरायचा. तक्ता करून बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवला.

रात्री जेवताना तिलकाला समजावून सांगितला. ती म्हणाली, आमटी निवतेय. वडील असते तर त्यांनी ऐकून घेतले असते. शेवटची वर्षे ते आमच्याकडेच होते. मी जेवून उठेपर्यंत कधी पानावर बसत नसत. असा आदर आता दिसत नाही.

१३ जुलै, शनिवार

तक्ता निर्दोष. निकाल शून्य.

अडचण अशी की कावळा टप्प्यात आला की तक्त्यावर अंतर पाहावे लागते, आणि त्यासाठी बंदूक क्षणभर स्थिर करावी लागते. तेवढ्यात कावळा पुढे निघून जातो. डॉ. खूने मागून सांगितले, सर, बंदूक थांबवू नका. तो थांबतोय का? त्याच्या मागून आणा, त्याला ओलांडा, घोडा ओढल्यावरही फिरवत राहा. मी विचारले, याला पुरावा काय? त्याने मास्क खाली न करताच वर पाहिले आणि एक पाडला. हा पुरावा नव्हे. हे उदाहरण झाले.

माझ्या एका बाराने मासळी बाजारावरच्या टाकीला चाळणीसारखी भोके पडली. छर्ऱ्यांचा पसारा एकसारखा आणि गोल होता. कोणी कौतुक केले नाही. खाली एक कोळीण भिजली. तिचे उद्गार लिहीत नाही.

१४ जुलै, रविवार

नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचे बहारुद्दीन स्वतः घरी आले. निवृत्तीनंतरही मला 'चिकगू', म्हणजे गुरुजीच म्हणतात. मलय माणूस शिक्षकाचा मान विसरत नाही. चहा घेतला. टाकीचा विषय दोनदा काढला आणि दोनदा सोडून दिला. मग म्हणाले, चिकगू, बार काय कोणीही काढील. पण पडलेल्या पक्ष्यांवर देखरेख ठेवायला, ते गोळा करून मोजायला शिकलेलं माणूस नाही हो आमच्याकडे. तुम्ही निरीक्षक व्हा.

मी आढेवेढे न घेता स्वीकारले. थोडक्यात, बढती.

तिलका आतून म्हणाली, बंदूक काढून घेतली वाटतं. तिला प्रशासन समजत नाही.

२० जुलै, शनिवार

कचरा डेपो. निरीक्षक म्हणून पहिला दिवस. इतर लोक ताडपत्रीच्या आडून बार काढतात. मी उघड्यावर फिरतो. पडलेला प्रत्येक कावळा पायाला धरून उचलतो, उन्हात वर करतो, पंख पसरून छर्रे कुठे बसले ते पाहतो. डॉ. खूचे बहुतेक मानेत. पद्धत नाही, तरी मानेत. चिंतनीय.

काम करताना लक्षात आले की बार थांबले आहेत. वर पाहिले. मोबाइलच्या मनोऱ्यावर, विजेच्या तारांवर, कचऱ्याच्या ढिगांवर कावळेच कावळे. एरवी ही जात कलकलाट करते. आज एकही ओरडत नव्हता. माझ्या दोन्ही हातांत मेलेले कावळे. सगळे माझ्याकडे पाहत होते.

डॉ. खू ताडपत्रीआडून हळूच म्हणाला, सर, ते खाली ठेवा. सर. हळूच ठेवा.

ठेवले नाहीत. प्रार्थनेच्या मैदानावर अशी शांतता मी पूर्वी निर्माण करत असे. जरब अजून आहे.

२२ जुलै, सोमवार

सकाळी घरासमोरच्या तारेवर कावळ्यांची ओळ. पेपर घ्यायला बाहेर आलो तशी ती सगळी एकदम इंचभर सरकली. आत गेलो. पुन्हा बाहेर आलो. पुन्हा सरकली. शिस्तीला दाद दिली पाहिजे.

तिलकाने सांगितले की मामंजी आज भाताला आले नाहीत. म्हटले, पोट बिघडले असेल.

२५ जुलै, गुरुवार

देवळात गेलो तर तारेवरचे माझ्यासोबत आले. गाडीच्या वर, दोन्ही बाजूंना, फारसे पंख न हलवता. लाल दिव्यापाशी थांबलो की तेही थांबत. देवळाच्या गोपुरावर आधीच काही बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एकच आवाज काढला, हाक मारावी तसा.

परत आलो तर टपावर कोंबडीचे हाड ठेवलेले. फेकलेले नव्हे. मधोमध ठेवलेले.

हे लिहिताना खिडकीबाहेर एक पिल्लू बसले आहे. चोच अजून आतून लाल. डेपोवर हे असणे शक्य नाही. उडायला लागून दोन दिवसही झाले नसतील. तरी त्याने मला ओळखले. म्हणजे कोणीतरी शिकवले. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे, पुस्तकाशिवाय, परीक्षेशिवाय, एकही नापास न होता. शिक्षक म्हणून कौतुक वाटले. पडदा ओढून घेतला.

२७ जुलै, शनिवार

आज पथकाला एकही कावळा मिळाला नाही. मी बाजारात पाऊल टाकले आणि सगळे बंदुकीच्या टप्प्यापलीकडे जाऊन गोलाकार बसले. तासभर. बागायतदार कुरकुरले. हवालदार म्हणाला, हे चिकगू असे उभे राहणार असतील तर बंदूक कशाला, यांनाच चौकाचौकात उभं करा. ही सूचना मला मनातून पटली.

बहारुद्दीन म्हणाले, चिकगू, आता तुम्ही जरा विश्रांती घ्या.

नोंद: संपूर्ण मोहिमेत माझ्या हातून एकही कावळा मेलेला नाही. हे कावळ्यांना कळवण्याचा मार्ग उपलब्ध नाही. ज्याने सर्वाधिक मारले त्याचा चेहरा त्यांनी पाहिलेला नाही. ज्याने एकही मारला नाही, त्याच्या हातात त्यांनी त्यांचे सगळे मेलेले पाहिले. पुराव्याच्या दृष्टीने त्यांची बाजू भक्कम आहे.

३० जुलै, मंगळवार

कुंपणावरचा भात आठवडाभर तसाच. मुंग्या लागतात. तिलका रोज नवा ठेवते. आज भात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, अहो, रविवारी मामंजी आले नाहीत तर? वर्षातून एकदा बोलावतो आपण त्यांना. उपाशी जाऊ द्यायचं का?

मी सांगितले की हा केवळ खाद्यवर्तनातील तात्पुरता बदल आहे. ती म्हणाली, तो कचराडेपोवरचा सदरा तरी जाळा.

जाळला नाही. धुवायला टाकला. वाळत घातला तर कर्कश ओरडत चार कावळे त्यावर तुटून पडले. टायही गेला.

३ ऑगस्ट, शनिवार

चषक डॉ. खूला. समारंभाला गेलो नाही. पडदे लावून घरातच. कौलांवर पावलांचा आवाज, दिवसभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ज्या खोलीत जातो तिच्या वर.

संकल्प: उद्या कावळा येईल. वडिलांनी माझ्या शब्दाबाहेर कधी पाऊल टाकले नाही.

४ ऑगस्ट, रविवार. आडी अमावास्या

तिलका पहाटेपासून स्वयंपाकघरात. भात, वांग्याची आमटी, कारल्याची भाजी, वडे, पायसम. शेजारी वडिलांची आवडती कॉफी, साखर भरपूर. वडिलांना मधुमेह होता. मी साखर कमी करायला सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले आणि अजून एक चमचा घातला.

पान कुंपणावर ठेवले. मी शेजारी, हात जोडून, उघड्या चेहऱ्याने.

कावळे होते. आमच्या छपरावर, समोरच्या आंब्यावर, सगळ्या तारांवर, शेजारच्या टाकीवर. आकाश दिसत नव्हते. सगळ्यांची तोंडे माझ्याकडे. आवाज नाही. तारेच्या टोकाला तो लंगडा बसला होता, एका पायावर. तिलका म्हणाली, मामंजी, या. तो हलला नाही. माझ्याकडे पाहत राहिला. आमटीवर साय धरली.

आमचीच नव्हे, सगळ्या गल्लीची पाने तशीच पडून होती. आमच्या गल्लीत आज घरोघरी कोणाचे ना कोणाचे वडील जेवायला येतात. थोड्या वेळाने पलीकडची पूपती अक्का फाटकाशी आली. आम्ही एकाच वयाचे. ती मला कधी अरे-तुरे करत नाही आणि आजही केले नाही. म्हणाली, सर, हात जोडते. घटकाभर कुठंतरी जाऊन या. आमचे अप्पा सकाळपासून ताटकळलेत. म्हातारा माणूस, भूक सोसत नाही त्यांना.

तिच्या मागे आणखी माणसे. कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. वरचे मात्र सगळे पाहत होते.

मी तिलकाकडे वळलो. तिने गाडीची किल्ली पुढे केली. आधीच आणून ठेवली होती.

डॉ. खूच्या दवाखान्यात आलो. दुसरीकडे कुठे जायचे ते सुचले नाही. तो वरच राहतो. लुंगीवर खाली आला, रुग्णाच्या खुर्चीत बसवले. खिडकीत चषक, आणि चषकाशेजारी एक कावळा. डॉ. खू त्याला हाताने करी-पफ भरवत होता. महिनाभर ज्याने सर्वाधिक मारले, त्याच्या बोटांतून. माझे तोंड दिसताच कावळा उडाला. डॉ. खू म्हणाला, सर, तुम्ही जरा भिंतीकडे तोंड करता का? बिचाऱ्याचं खाणं राहिलं.

केले.

तिलकाचा फोन आला. आवाज आनंदी. म्हणाली, तुमची गाडी कोपऱ्यावर वळली आणि मामंजी उतरले हो. आधी कॉफीत चोच घातली. मग वडा. आता सगळी गल्ली जेवतेय. मी म्हटले, योगायोग. ती म्हणाली, योगायोग कसला. जिवंतपणी तरी काय वेगळं होतं? तुम्ही पानावरून उठलात की मग खोलीतून बाहेर यायचे. दाराच्या फटीतून बघायचे, मुलगा उठला का म्हणून. मी रोज परत गरम करून वाढायचे त्यांना.

मी विचारले, आता घरी येऊ का?

म्हणाली, थांबा जरा. जेवतायत. मी करते फोन.

दुपार. डॉ. खूने एक हिरवा मास्क माझ्या खिशात ठेवला. या वेळी परत केला नाही.

संध्याकाळ. अजून फोन नाही. जेवण चालू असावे. वडील फार सावकाश जेवत. मी त्यांना त्यावरून अनेकदा टोकले आहे.