एंटर दाबेपर्यंत

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवरून कॉम्प्युटर शिकायचा नाही असा तुझ्या मामीने हुकूम काढला आहे. गेल्या खेपेला आपण दोघं एका आडव्या रेघेवरून इतके भांडलो, की खालच्या मजल्यावरचे घड्याळजी वर येऊन कुणाला बरं नाही का म्हणून विचारून गेले. कागदावर माणसाचा आवाज चढत नाही, असं मामीचं म्हणणं.

तर काम असं आहे. आमच्या हौशी नाटक मंडळींचं नवं नाटक बसतंय. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत आई आणि मुलगी राहतात. घर सोडून गेलेला मुलगा परत येणार, म्हणून दोघी वाट बघतात, आणि शेवटी तो येतो. नाटक एवढंच. बाकी सगळा भार आवाजांवर, म्हणजे माझ्यावर. दाराची घंटा, शेजारचं तान्हं बाळ, आगगाडी, कुत्रा, पाऊस. तू दिलेल्या लॅपटॉपवर मी माझ्या जुन्या कॅसेटी एकूणएक चढवल्या. पण त्या माऊसचा बाण माझं ऐकत नाही. टेबल हलतं. परवा तालमीत घंटा वाजवायची होती, तर बाण शेजारच्या चित्रावर जाऊन बसला आणि बंदुकीचा बार उडाला. आईचं काम करणाऱ्या टेलरबाई तरीही आले आले म्हणत हसतमुखाने दार उघडायला गेल्या. पाठांतर फार पक्कं त्यांचं.

आमचे दिग्दर्शक, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले दंतवैद्य, अजिबात रागावले नाहीत. दात उपटायच्या आधी काढतात त्या मऊ आवाजात म्हणाले, की त्यांच्या चष्मेवाल्या मेहुण्याने आवाजाचं नवीन यंत्र घेतलंय, बटणं दाबली की उजळतात, आणि तो हल्ली रिकामाच असतो. दंतवैद्यांना स्वतःला दुधाचे दात होते तेव्हापासून मी या मंडळींचे आवाज वाजवतोय. हे काम गेलं तर तिथे मी कोण? खुर्च्या मांडणारा?

बाणाशिवाय आवाज वाजवता येतो का, ते कळव. टेबल हलतं म्हणून विचारतो, बाकी काही नाही.

माया आहे ती पुरेशी आहे, उत्तर तेवढं लवकर टाक.

तुझा
मामा

---

ता. ९ फेब्रुवारी

ती. मामास भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि टेलरबाई हसतमुखाने दार उघडतात तिथे इतकी हसले, की साहेब येऊन बघून गेले. आता तुमचं पत्र त्यांनाही वाचून दाखवावं लागणार.

बाणाशिवाय वाजवता येतं. मी दिवसभर बाणाशिवायच काम करते. लॅपटॉपवर काळ्या खिडकीचं चित्र आहे, ते मामीकडून एकदा उघडून घ्या. आत काहीच दिसणार नाही, नुसता एक चौकोन लुकलुकेल. घाबरायचं नाही. तिथे इंग्रजी अक्षरांत लेखी हुकूम द्यायचा: आधी प्लेअरचं, म्हणजे आवाज वाजवणाऱ्या प्रोग्रामचं नाव, मग मोकळी जागा, मग आवाजाच्या फाईलचं नाव, आणि एंटर. की वाजलं. आवाज बारीक हवा असेल तर त्याच ओळीत पुढे दोन आडव्या रेघा (दोनच, मामा, भांडायचं नाही), त्यांना चिकटून व्हॉल्यूम, मग बरोबरचं चिन्ह आणि आकडा. थांबवायला नुसतं क्यू हे अक्षर दाबायचं. एंटर दाबेपर्यंत कितीही खोडा, कितीही लिहा, ती खिडकी शांतपणे वाट बघते.

एक सांगून ठेवते. ही खिडकी फार आज्ञाधारक आहे आणि तिला अक्कल अजिबात नाही. सांगाल तेच करील, मनातलं ओळखणार नाही. मामीसारखी नाही ती.

मामीला नमस्कार. राग आला तर पत्रातच धरा.

तुमची
भिंगरी

---

ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

वाजलं! पहिला हुकूम पावसाला दिला. तुझी मामी आतून धावत गॅलरीत गेली आणि वाळत घातलेले सगळे कपडे गोळा करून आली. बाहेर ऊन होतं. मग दोन तास माझ्याशी बोलली नाही, तेवढ्यात मी कुत्रा आणि आगगाडी वाजवून घेतली.

कोंबड्याने मात्र छळलं. माझ्याकडे दोन कोंबडे आहेत, त्यातल्या एकाचं नाव मी दमलेला कोंबडा असं ठेवलंय, कारण तो शेवटी शेवटी कंटाळतो. तर ही खिडकीबाई सांगते की दमलेला सापडत नाही आणि कोंबडाही सापडत नाही. दोघांना वेगवेगळं शोधत बसली. घड्याळजींच्या मुलीने सांगितलं, की नावात मोकळी जागा असली तर दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं घालावी लागतात. घातली. आता कोंबडा काही बोलायच्या आधीच त्याला अवतरणचिन्हं मिळतात.

हे मला आवडलं, भिंगरी. मी अक्षरं सावकाश शोधतो, चुकलं की खोडतो, कुणी बघत नाही. बाणाच्या वेळी सगळे बघायचे.

आता एक शंका. शेजारच्या बाळाचं रडणं फार तोकडं आहे, प्रसंग लांब. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून आपोआप सुरू व्हावं, याला काही हुकूम आहे का? परवा तालीम आहे, पत्र हाती पडल्याबरोबर कार्ड टाक.

मामीचा आशीर्वाद. ती अजून कपडे परत वाळत घालतेय.

मामा

---

ता. २० फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

घाईत कार्ड. बाळाच्या ओळीत शेवटी दोन आडव्या रेघा, लूप, बरोबरचं चिन्ह आणि आय-एन-एफ अशी तीन अक्षरं. मग ते अखंड रडेल. पुरे झालं की क्यू. क्यू विसरू नका. दमलेल्या कोंबड्याला माझा नमस्कार सांगा, मी त्याच्याच पंथातली.

भिंगरी

---

ता. २८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस मामीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा मामा तालमीचं सगळं छान झालं असं लिहील, म्हणून मीच आधी लिहायला बसले. तुझं कार्ड सतरा तारखेच्या तालमीनंतर पोचलं. पण कालही तालीम होती.

तुला त्यांचा जुना हट्ट माहीत आहे. आवाजाचा श्वास मध्येच तोडायचा नाही, तो स्वतःहून संपू द्यायचा. घरी माझ्या शिट्टीच्या किटलीलाही ते हात लावू देत नाहीत. तर काल त्यांनी तुझा हुकूम देऊन बाळाला रडवलं आणि हाताची घडी घालून ते संपायची वाट बघत बसले. बाळ कसलं संपतंय! टेलरबाई आणि मुलीचं काम करणाऱ्या पोस्टातल्या बाई ओरडून ओरडून वाक्यं म्हणत होत्या. मी खुणेने क्यू, क्यू म्हणते आहे, तर हे मला गप्प बस म्हणून खुणावतात. शेवटी दंतवैद्यांनी येऊन वायर उपटली. पण लॅपटॉपला बॅटरी असते, बाळ रडतच राहिलं. मग त्यांनी लॅपटॉप पोटाशी धरला आणि बाहेर नेला. जिन्यावर पहारेकरी भेटला. त्याने हळूच विचारलं म्हणे, की आई कुठे गेली याची.

हसून घेतलंस का? आता खरं सांगते. टेबल हलत नाही. यांचा उजवा हात हलतो. थंडीपासून सुरू झालंय. डॉक्टर म्हणतात काळजीचं नाही, वयाचं आहे, पण जायचंही नाही. यांनी कुणाला सांगितलेलं नाही, मलाही नाही. मी चहाच्या बशीवरून ओळखलं आणि यांच्या नकळत डॉक्टरांना विचारून आले. मला आत्तापर्यंत वाटत होतं की नाटक सोडावं, घरी बसावं. पण त्या काळ्या खिडकीपुढे ते बसतात ना, तेव्हा बोट चुकलं की खोडतात, पुन्हा चुकलं की पुन्हा खोडतात, आणि चेहऱ्यावर जरासुद्धा शरम नसते. फार दिवसांनी बघितलं मी तसं.

दंतवैद्यांनी निकाल दिलाय. पहिला प्रयोग यांचा. त्यात काही घोळ झाला तर पुढचे सगळे प्रयोग चष्मेवाल्याचे. मेहुणा यंत्र घेऊन विंगेतच बसणार आहे, तयारीत. तुला काही करता आलं तर कर, पण हाताचं मी सांगितलं असं कळू देऊ नकोस.

सुखात राहा, आणि आमच्यावर लक्ष असू दे.

मामी

---

ता. ५ मार्च

ती. मामास सा. न. वि. वि.

बाळाची हकिगत कानावर आली. चूक माझी, अखंड या शब्दाचा अर्थ तुम्ही मनावर घेणार हे मला कळायला हवं होतं.

एक सुचवू का? सगळे आवाज नाटकाच्या क्रमाने एकाच हुकुमात ओवून देते. प्रत्येक आवाज संपला की प्लेअर आपोआप थांबेल, तुम्ही नुसती स्पेसची लांब पट्टी दाबायची की पुढचा वाजेल. ती पट्टी एवढी मोठी आहे की कोपरानेसुद्धा दाबता येते. काही टाइप करायला नको, काही चुकायला नको. रविवारी करून पाठवते.

टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घालून बघितलात का?

तुमची
भिंगरी

---

ता. ११ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं प्रेम कळलं, पण ते ओवणं नको. कोपराने दाबायचं तर मेहुणा काय वाईट? त्याचं यंत्र हेच करतं. एकामागून एक, ठरलेलं. नाटकात माणसं असतात ग. टेलरबाई कधी एक पान गाळतात, पोस्टातल्या बाईंना कधी रडू लवकर येतं. त्यांच्याकडे बघायचं आणि मग वाजवायचं, माझं काम ते आहे. बोटं उशिरा पोचतात हे खरं. म्हणून मी पुढचा हुकूम आधीच लिहून ठेवतो आणि एंटरवर बोट ठेवून बसतो. क्यूची सवय करतोय. किटलीवर सराव चालू आहे.

आणि टेबल बदललं. नवीन टेबलही हलतं. तुला कळलं असेलच, तुझी मामी चार पानं लिहिते आणि पाकीट मलाच टाकायला देते.

शनिवारी प्रयोग. काही झालं तरी तुला पहिलं कळवीन.

मामा

---

ता. १७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

कळवीन म्हणाले होते, पण ते अजून नुसतेच हसत बसले आहेत, म्हणून पुन्हा मी.

प्रयोग झाला. हॉल भरला होता. मी विंगेत यांच्या शेजारी, पलीकडे चष्मेवाला, मांडीवर यंत्राचं खोकं. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटचा प्रसंग आला, मुलगा येतो तो. यांनी घंटा वाजवली, अगदी वेळेवर. टेलरबाई लगबगीने गेल्या, दार ओढलं, आणि दार उघडेना! सुताराने दुपारीच रंगाचा दुसरा हात दिला होता, तो चौकटीला धरून बसला. पलीकडून मुलाचं काम करणारा बँकेतला खांदा लावतोय, अलीकडून या ओढताहेत. शेवटी टेलरबाई परत येऊन बसल्या आणि मुलीला म्हणाल्या, की कुणी नव्हतं, भास झाला. आता पुढे? दोघींकडे एक वाक्य उरलेलं नाही. दंतवैद्य समोरच्या विंगेत स्वतःचाच जबडा धरून उभे.

हे लिहायला लागले. कुत्रा लिहिताना बोट दोनदा घसरलं, दोनदा खोडलं, एंटर. कुत्रा भुंकला. टेलरबाईंचा चेहरा उजळला, म्हणाल्या की आपल्या मोतीने त्याला ओळखलं वाटतं, खाली आला असेल. मग आगगाडी. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, ही गाडी उशिरा आली, म्हणजे तो याच गाडीने येणार. मग यांनी काय लिहिलं ते मला दिसलं, पण अडवायला वेळ मिळाला नाही. घोड्याच्या टापा. तिसऱ्या मजल्यावर! हॉलमध्ये एकजण फिसकन हसला. तेवढ्यात पोस्टातल्या बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या, की दादाला पहिल्यापासून मिरवायची हौस. सगळा हॉल हसला, टेलरबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता खरंच रडायला लागल्या.

दाराआड सुताराची पटाशी खरवडायला लागली होती, ते ऐकू येत होतं. यांनी पाऊस लिहिला, त्याला दोन रेघा आणि व्हॉल्यूम लावला, पटाशी बुडेल एवढा. हात नुसता थरथरत होता, भिंगरी. मला वाटलं धरावा. पण हुकूम बरोबर होता. मग सुताराने खूण केल्यावर यांनी क्यू दाबला, पाऊस मध्येच तोडला, आणि त्या शांततेत घंटा वाजवली. दार उघडलं. बँकेतला आत आला, कपाळावर हिरव्या रंगाचा पट्टा. टेलरबाईंनी तो पदराने पुसला. पुढचं मला नीट दिसलं नाही, डोळ्यांत पाणी होतं.

पडदा पडल्यावर दंतवैद्य आले. सगळ्यांसमोर म्हणाले, की दार यापुढे दर प्रयोगाला अडकायला हवं, घोडा हवाच, आणि पुढच्या शनिवारी येणार ना? चष्मेवाला खोकं बंद करत पुटपुटला, की त्याच्या यंत्रात घोडा नाही.

सगळे यांच्या तोंडाकडे बघताहेत. आणि हे मान खाली घालून परत त्या खिडकीत काहीतरी लिहायला लागले. एक अक्षर खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि एंटर दाबला. मी वाकून बघितलं. हो, येतो, एवढंच लिहिलं होतं. खाली खिडकीने उत्तर दिलं होतं, की असा हुकूम तिला माहीत नाही.

मग मीच तोंडाने सांगितलं, की येणार म्हणताहेत.

जमलं तर शनिवारी ये. नाहीच जमलं तर नुसता जीव लाव, तेवढ्यावर आमचं भागतं.

तुझी
मामी