फादर नव्हते ती वर्षं

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी तुझ्या गुडघ्यांची चौकशी करायला हवी, पण धीर नाही. आपला धर्मग्राम, म्हणजे आपली पॅरिश, शेजारच्या मोठ्या गावच्या धर्मग्रामात विलीन करायचं चाललंय. बिशपांचे सचिव फादर म्हणतात, तुमची परंपरा अखंड नाही. मधे बरीच वर्षं इथे फादर नव्हते, म्हणजे धर्मग्राम बंदच होता. पुढच्या महिन्यात बिशप स्वतः येऊन निर्णय देतील. घरात मीच काय ती पदवीधर, म्हणून चर्चचा इतिहास लिहून बिशपांपुढे वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. बाबा म्हणाले, एवढी शिकलीस, आता चर्च वाचव. आणि पुन्हा दुरुस्तीला आलेल्या ट्रकखाली शिरले.

तेव्हा खरंच सगळं बंद होतं का गं? लगेच कळव.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी,
चिऊ

दि. १५ फेब्रुवारी

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

गुडघे अजून जागेवर आहेत, एवढंच.

बंद? कोण म्हणतं बंद? आधीचे फादर आजारपणात गेले आणि दुसरे पाठवायला वर कुणाला सवड झाली नाही. फादरांशिवाय मिस्साविधी होत नाही, त्याची हळहळ होतीच. पण दर रविवारी शिंपीकाका प्रार्थना सांगायचे. सूर असा की वेदीवरच्या मेणबत्त्यांनी कंटाळून विझावं! तरी बाक भरायचे. आणि मूल जन्मलं की सुईणबाई त्याच्या कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्मा द्यायच्या. फादर मिळत नसतील तर तसं चालतं, हे चर्चनंच सांगितलेलं. माझा तसाच झाला, तुझ्या बापाचाही. तो इतका रडला की सुईणबाई म्हणाल्या, याच्यातला सैतान गेला बरं का. मला अजून शंका आहे.

हे सगळं बिशपांना सांग, पण भांडू नकोस. नाक बापाचं घेतलंस, राग तरी घेऊ नकोस. मला प्रवास झेपणार नाही, याचं फार वाईट वाटतं.

माया असू दे.
तुझी,
आत्या

दि. ११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, जिंकलो!

मी इतिहास वाचत असताना सचिव फादरांनी मधेच अडवलं, या ऐकीव गोष्टींना आधार काय म्हणून. माझी कानशिलं तापली. तुझी ताकीद आठवून आवाज खाली आणला आणि लोकांकडे वळले. म्हटलं, ज्यांचा बाप्तिस्मा सुईणबाईंच्या हातून झाला, त्यांनी कृपया उभं राहावं.

कुणी हलेना. आपला बाप्तिस्मा जरा कमी प्रतीचा, असंच बिचाऱ्यांना वाटत आलेलं. मग मागच्या बाकावरून बाबा उठले. म्हणाले, मी त्या बंद चर्चचा ख्रिस्ती आहे, आणि माझं इंजिन अजून चालू आहे. मग बेकरीवाल्या मावशी उठल्या, पोस्टातले काका उठले, आणि बघता बघता निम्मं चर्च उभं! बिशपांनी सचिवांना विचारलं, बंद चर्चनं एवढी माणसं दिली कशी? सचिव फादरसुद्धा हसले गं.

धर्मग्राम आपलाच राहणार. बिशप म्हणाले, तुझ्या इतिहासात त्या वर्षांचं प्रकरण सगळ्यांत मोठं लिही.

शेवटी त्यांची नजर माझ्यावर आली. मीही उभीच होते. तुझं वय तर तेवढं दिसत नाही, असं हसून म्हणाले. मी सांगितलं, माझ्या आत्याला येता आलं नाही; मी तिच्या जागी उभी आहे.

प्रेम असंच राहू दे.
तुझी,
चिऊ