मेंढ्यांनी दाबलेला रस्ता

१२ एप्रिल, शनवार

जेसीबी आला!! भाकरी तव्यावर होती, तेवढ्यात घुर्रघुर्र ऐकू आलं आन् म्या पिठाच्या हातानंच पळाले. भाकरी करपली. करपू दे!

लोहाऱ्याच्या सडकेपासनं आमच्या वस्तीच्या दारापतुर रस्ता असा न्हायच. नुसत्या चाकोऱ्या. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात त्याच वाळून दगडावानी. दिवाळीला माझा पुतण्या रणधीर आईला घेऊन आला, तर गाडीचं पोट घासलं आन् अर्ध्यातनंच माघारी फिरला. शांताक्का गाडीतनं हात हालवत्यात, म्या दारातनं हालवते. मधी एवढा मोठा उंचवटा. रडले पण आन् हसले पण.

शांताक्का म्हंजे माझ्या थोरल्या जाऊबाई. जळकोटात एकट्या राहत्यात. गुडघे गेलेत, दोन पावलं टाकवत न्हाईत. गॅसबी दोनदा चालूच राहिला म्हणं. म्हणून आता रणधीर पुण्याला न्हेणार, कायमचं. आखितीचा सण झाला की. फोनवर म्हणाल्या, "कस्तुरे, जायच्या आदी तुझ्या झाडाचा आमरस खायाचाय मला."

म्हणून हा रस्ता! युवराज म्हणतो, "आजी, एका आमरसासाठी?" म्या म्हणलं, "व्हय. तुझ्या आजीचा आमरस तसलाच हाय."

१४ एप्रिल, सोमवार

काम बंद. जेसीबीवाला बुद्धघोष जयंतीच्या मिरवणुकीला. निळा फेटा बांधून फोटो पाठवलाय हर्षालीच्या फोनवर. लई रुबाबदार! नातसुनेला म्हणलं, ह्याला पोरगी बघायला पायजे.

१५ एप्रिल, मंगळवार

वरची काळी माती सगळी काढली. माझा जीव तुटत होता. बंडप्पाला म्हणलं— बंडप्पा म्हंजे आमचा रस्तेवाला, लोहाऱ्याचा, टोपी कधी काढत न्हाय— म्हणलं, "आरं, असली माती कुणी काढून टाकतं का?" तो म्हणला, "काकू, ही माती पावसात फुगती आन् मुरूम गिळती. मागल्या वर्षी टाकलेला कुठं गेला, सांगा बरं?" खरंच की! दोन ट्रॉल्या मुरूम टाकला हुता, दसऱ्याला बघावं तर खडा न्हाय. आमच्या रानाला मुरमाचीबी भूक!

माती म्या फेकू दिली न्हाय. परसात ढीग घातलाय. कोथिंबीर, मेथी, कारलं... ढिगावर चढून बघितलं तर लोहाऱ्याची पाण्याची टाकी दिसती! हर्षाली वरडली, "आजी, उतरा खाली!" उतरले. ती आत गेली, परत चढले.

१७ एप्रिल, बेस्तरवार

शांताक्काचा फोन. रस्ता किती रुंद करताय म्हणं. म्या सांगितलं, गाडी येईल एवढा. तर म्हणत्यात, "टेम्पो मावंल का?"

"अक्का, एवढ्याबी जाड न्हाय झाला तुमी!"

लई शिव्या दिल्या! हसून हसून माझ्या पोटात कळ आली. पण सोडंनात. मावंल का ते सांग, मावंल का ते सांग. जुनी खोड. लग्नात माझ्या हातातल्या बांगड्या मोजून घेतलेली बाई.

१८ एप्रिल, सुक्करवार

टेम्पो मावत न्हाय. मधी माझा शेवगा येतो.

बंडप्पाला म्हणलं, तोड. युवराज बघतच राहिला. ह्याच शेवग्याच्या शेंगांवरनं आमी दोघी जावा एक आख्खं वरीस बोललो न्हवतो! आता अक्काच रुंद रस्ता मागत्यात म्हणल्यावर काय. फांदी लावलीय दुसरीकडं, येईल.

शेंगांचं सांबार केलं. सगळ्या मजुरांनी बोटं चाटली.

२२ एप्रिल, मंगळवार

मुरूम पडला. लालभडक! मधी उंच, कडंला उतरता, दोन्ही बाजूला नाली. पण रोलरच न्हाय. कुठल्या मोठ्या रस्त्याच्या कामावर गेलाय, आठ दिवस सुटत न्हाय. बंडप्पा म्हणतो आखितीनंतर बघू.

आखितीनंतर कशाला? कुणासाठी? जेवले न्हाय आज.

२४ एप्रिल, बेस्तरवार

आज जे झालं ते कुणाला सांगितलं तर खरं वाटणार न्हाय!

सकाळी बिरदेवची मेंढरं सडकेनं चालली हुती. दरवर्षी त्याचा कळप आमच्या रानात बसतो, खतासाठी. ज्या वाटेनं कळप विहिरीवर जातो ती वाट कशी होती— फरशी! नांगर वर उड्या मारतो. माझ्या डोक्यात लख्खकन् उजेड पडला. तशीच पळाले, पदर सावरत.

बिरदेव म्हणला, "आजी, मेंढरं रानात बसवाया बोलावत्यात. रस्त्यावर नाचवाया कुणी बोलावलं न्हाय आजवर!"

टँकरनं मुरूम भिजवला आन् सोडली मेंढरं. सडकेपासनं दारापतुर, दारापासनं सडकेपतुर. ब्यां ब्यां ब्यां! पुढं बिरदेव, मागं म्या काठी घेऊन, कडंला युवराज शूटिंग करतोय. एक बोकड घरात शिरला, हर्षालीची साडी खाल्ली. बंडप्पा आदी कपाळाला हात लावून बसला हुता. सांजच्याला पहार मारून बघितली तर पहार टण्णकन् वर. म्हणला, "काकू, उद्या ट्रॅक्टर फिरवून वर बारीक खडी टाकतो. झालाच रस्ता."

बिरदेवला पोटभर जेवू घातलं. मेंढरं बसली आमच्याच रानात.

२५ एप्रिल, सुक्करवार

खडीच्या आदी लेंड्या झाडल्या. पाट्याच्या पाट्या! सगळ्या कारल्याला.

२९ एप्रिल, मंगळवार

रस्ता झाला. अनवाणी जाऊन आले सडकेपतुर. खडी टोचती, बरं वाटतं.

आंबे काढून ठेवलेत. उद्या येणार, आमरस खाणार, आन् मग पुणं. चौथा मजला. तिथं कुणाशी भांडतील? म्या तरी कुणाशी भांडू?

चारदा वाटलं फोनवर म्हणावं, अक्का, हितंच राव्हा. पण लेक न्हेतोय म्हणल्यावर जावेनं काय बोलावं? आन् घर आता युवराज-हर्षालीचं. न्हाय म्हणवलं.

३० एप्रिल, बुधवार

गाडी सुळकन् दारात आली. उतरल्या. रस्ता बघितला न्हाय, शेवग्याची मोकळी जागा बघितली न्हाय, सडकेकडंच बघत राहिल्या.

मागनं टेम्पो आला. त्यात त्यांची खाट, पिठाचा डबा, तुळस.

रणधीर मान खाली घालून हसतोय. युवराज आन् हर्षालीबी! सगळ्यांना ठाऊक, मला सोडून!!

"बघत काय राहिलीस, कस्तुरे? खाट कुठं टाकू सांग."

म्हणलं, माझ्या खाटंशेजारी.