एका बुटात दोन डोंगर

१० नोव्हेंबर १९८४, शनिवार

आजपासून रोजनिशी. मॅनेजर होण्याआधीचे दिवस कसे होते, याची नोंद पुढे मलाच लागेल.

परिस्थिती अशी. आमच्या ग्रुपचा मॅनेजर हॅरल्ड एप्रिलमध्ये रिटायर होतोय. त्याच्या जागी कोण, हे डायरेक्टर कार्ल ठरवणार. उघड उत्तर मी. सांता क्लारात चिप्सचं टेस्टिंग करण्यात माझी हयात गेली. ऑफिसात सगळे मला टिम म्हणतात. त्र्यंबकचा टिम उगाच होत नाही.

काल कॉफी मशीनपाशी कार्ल स्कीइंगबद्दल बोलत होता. मी हसून मान डोलावली. तो म्हणाला, टिम, तूही ये कधीतरी आमच्याबरोबर. मी लगेच विचारलं, कोणती तारीख? तो कॉफी ढवळत राहिला. एवढी तत्परता त्याला अपेक्षित नसावी. मग म्हणाला, मार्चचा पहिला वीकेंड, टाहोच्या डोंगरात. पण तुझ्याकडे गिअर लागेल.

म्हणजे आमंत्रण पक्कं. राहिलं फक्त गिअर, म्हणजे स्कीचं सामान.

१७ नोव्हेंबर, शनिवार

स्की शॉपमध्ये सकाळ गेली. विषय वाटतो तितका सोपा नाही.

कार्लची मंडळी शनिवारी रिझॉर्टवर जातात, म्हणजे लिफ्टने (दोरावर लटकणाऱ्या खुर्च्यांनी) वर आणि घसरत खाली. रविवारी टूरिंग, म्हणजे लिफ्ट नाही, स्की पायात घालून स्वतःच डोंगर चढायचा. रिझॉर्टचे बूट दगडासारखे टणक, त्यांत चालता येत नाही. टूरिंगचे बूट नरम, रबरी तळव्याचे. त्यांत चालता येतं, पण जोरात उतरताना आधार कमी. बूट स्कीला धरून ठेवणारं जे बाइंडिंग, तेही दोन तऱ्हांचं. रिझॉर्टचं टाच घट्ट धरतं, टूरिंगचं चढताना टाच मोकळी सोडतं.

पोनीटेलवाला सेल्समन म्हणाला, तुम्हाला दोन सेट लागतील. म्हणणारच. आम्ही सोफा-कम-बेडच्या देशातून आलोय, बाबा. दोन्हीला चालेल असा एकच सेट शोधून दाखवतो.

संकल्प: सखोल अभ्यास. एक्स्परिमेंट नाही, एक्स्पर्टाईझ.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. तीन स्की मासिकं संपवली. यील्ड रिपोर्ट (शंभरातल्या किती चिप्स चांगल्या निघतात, याचा हिशेब) राहिला. सोमवारी विनयला करायला सांगेन. त्याला शिकायला मिळेल.

विनय नागपूरचा. माझ्याच शिफारशीने लागला. मला काका म्हणतो. मी सत्तेचाळीसचा आणि तो काही कुक्कुलं बाळ नाही. पण संस्कार आहेत म्हणून सहन करतो.

५ डिसेंबर, बुधवार

स्टाफ मीटिंग. कार्लने यील्ड का घसरतंय विचारलं. मी विनयकडे बोट दाखवलं. विनय उठून बोलायला लागला आणि थांबेचना. मीटिंग संपल्यावर मी कार्लला गाठून टूरिंग बाइंडिंगची बिजागरी पायाच्या बोटांखाली असावी की पुढे, हा मुद्दा फळ्यावर काढून समजावला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, टिम, तू यात खरंच बराच वेळ घातलेला दिसतोय.

अशी दाद तो सहसा देत नाही.

१८ डिसेंबर

मंदी आहे म्हणे. शेजारच्या बिल्डिंगमधली निम्मी टेबलं रिकामी. आमच्याकडचे शुक्रवारचे डोनट्स बंद. ठीकच आहे, वजन कमी होईल. डोंगर चढायला उपयोगी.

२९ डिसेंबर, शनिवार

खरेदी झाली! किंमत इथे लिहीत नाही. बायको मृणालिनी रोजनिशी वाचत नाही, पण झाडताना उघडी दिसली तर.

बूट टूरिंगचे. बाइंडिंग असं की टाच सोडताही येते आणि अडकवताही. म्हणजे एकाच बुटात दोन डोंगर. पोनीटेलवाला म्हणाला, रिझॉर्टवर हे नरम पडतील. मी म्हटलं, मीच कडक आहे.

आता मापाचा मुद्दा. त्याने माझ्या मापाचा बूट घातला तर बोटं पुढे टेकली. तो म्हणाला, असाच हवा. मी काय दुधखुळा आहे? आमच्या घरात मापाचा बूट कोणी घेतला नाही. पाय वाढतो, बूट वाढत नाही. शिवाय अमित चौदाचा आहे, दोन वर्षांत त्याला होतील. दोन मापं मोठे घेतले. आत दोन लोकरी मोजे घातले की प्रश्न मिटला. पोनीटेलवाल्याने दुसऱ्या सेल्समनला बोलावून माझे पाय दाखवले. दोघंही बराच वेळ बघत होते.

पडल्यावर बाइंडिंग सुटून पाय मोकळा व्हावा लागतो. ते किती घट्ट ठेवायचं, हे तुम्ही किती चांगलं स्की करता त्यावर ठरतं. नवशिक्याला सैल, एक्स्पर्टला घट्ट. त्याने माझी लेव्हल विचारली. महाराष्ट्र मंडळाच्या ट्रिपला मी मुलांच्या टेकडीवरून दोनदा उतरलोय, दुसऱ्यांदा जवळजवळ उभ्याने. एक्स्पर्ट सांगितलं. मॅनेजर होऊ घातलेल्या माणसाने स्वतःला कमी लेखू नये.

घरी अमित म्हणाला, डॅड, दॅट्स नॉट हाउ स्की बूट्स वर्क. यांना सगळं येतं.

१३ जानेवारी १९८५, रविवार

काल मंडळाची संक्रांत, सनीवेलच्या शाळेत. मृणालिनीची मैत्रीण सरला आली नाही, तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. गाडीत मृणालिनीने विचारलं, आपलं काय? मी म्हटलं, ज्याला डायरेक्टर वीकेंडला बरोबर नेतो, त्याला कोणी काढतं का? ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिळगूळ खाऊनही गोड बोलायचं नाही, हा तिच्या माहेरचा गुण.

रोज संध्याकाळी बूट घालून हॉलमध्ये फेऱ्या मारतो. टाच थोडी वर उचलली जाते. थोडी म्हणजे आत मांजर झोपेल एवढी. तिसरा मोजा घातला.

४ फेब्रुवारी, सोमवार

मृणालिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अर्धवेळ काम करते. त्यांनी तिला पूर्णवेळ जागा देऊ केली. आज रात्रीच्या जेवणात तो विषय. ती म्हणाली, घेते, दिवस बरे नाहीत. मी समजावलं की एप्रिलनंतर आपल्याकडे लोकांचं येणं-जाणं वाढेल, कार्लला सपत्नीक जेवायला बोलवावं लागेल, घरात कोणी हवं. ती म्हणाली, कार्ल आपल्या घरी एकदा तरी आलाय का? मी म्हटलं, म्हणूनच.

वाद झाला. तिने ताट तसंच ठेवलं. शेवटी मी शब्द दिला की माझं प्रमोशन ठरलेलं आहे. ठरल्यातच जमा आहे, त्यामुळे खोटं नाही.

७ फेब्रुवारी

मृणालिनीने त्यांना नकार कळवला. त्यांनी ती जागा लगेच एका फिलिपिनो बाईला दिली. मृणालिनी बोलत नाही. कळेल तिला.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

विनयने विचारलं, काका, मीही येऊ का टाहोला? कार्लने त्यालाही सहज म्हटलं होतं म्हणे. अमेरिकन लोकांच्या सहज बोलण्याचा असा अर्थ लावायचा नसतो, हे या पोरांना कोण शिकवणार? मी सांगितलं, स्कीइंग नागपूरच्या उन्हात वाढलेल्यांचं काम नाही, हाडं ठिसूळ असतात. शिवाय त्या वीकेंडला टेस्टर मशीनवर बसून यील्डचा घोळ सोडव. पडेल चेहऱ्याने हो म्हणाला.

एकाच दगडात दोन पक्षी. स्पर्धाही गेली आणि कामही होईल.

२ मार्च, शनिवार. टाहो, मोटेलची खोली

आजचा दिवस संमिश्र.

चांगलं: कार्लने मला पाहताच ओ, टिम, यू केम असं म्हटलं. आनंद लपत नव्हता.

कमी चांगलं: लिफ्टवरून उतरायची जागा. मी पाय वळवला. पाय वळला, बूट वळला नाही. आतल्या आत पाय फिरला, जसा डब्यात चमचा फिरतो. आडवा झालो. मागची खुर्ची डोक्यावरून गेली, तिच्यातली दोन पोरं माझ्यावर पडली. लिफ्ट बंद केली. शंभर माणसं दोरीवर लटकत खाली बघत होती. माझं बाइंडिंग एक्स्पर्टचं असल्यामुळे सुटायला तयार नाही, त्यामुळे मीही तिथून हलायला तयार नाही. गुडघ्यात कट्कन आवाज आला. शेवटी कार्लने गुडघे टेकून, ग्लोव्ह काढून ते सोडवलं. माझ्या पायाशी डायरेक्टर! वरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

दोष बर्फाचा. पॅसिफिकच्या बाजूचा बर्फ ओला असतो, हे मासिकात आहेच. उरलेला दिवस मी कॅफेटेरियातून निरीक्षण केलं.

उद्या टूरिंग. ते माझं खरं क्षेत्र. कार्ल म्हणाला, गुडघा दुखत असेल तर राहू दे, कोणी काही म्हणणार नाही. मी म्हटलं, प्रश्नच नाही.

३ मार्च, रविवार, रात्र. घरी

गुडघ्याखाली दोन उशा. डाव्या अंगठ्याचं नख निघालं, उजव्याचं काळं पडलंय, आज-उद्या निघेल.

चढताना टाच मोकळी सोडायची असते. टाच उचलली गेली की मला बूट सैल असल्याची भीती वाटायची, म्हणून मी दोन्ही टाचा लॉक केल्या. तसाच चढलो, चवड्यांवर. तासाभराने मागे बघून कार्ल म्हणाला, टिम, तुझ्या टाचा लॉक आहेत. मी म्हटलं, मुद्दाम, कंट्रोलसाठी. त्याने वाकून दोन्ही सोडल्या. मग बुटातल्या तिन्ही मोज्यांची मिळून एक गाठ झाली आणि टाचेची कातडी तिच्यात राहिली.

झाडी संपायच्या आत मी बसलो. बूट काढला तर वरचा मोजा लाल होता. कार्लच्या दोघा मित्रांना वरची लाकडी झोपडी गाठायची होती, ते गेले. कार्ल मला घेऊन परत फिरला. माझी पाठपिशवी त्याने उचलली. उतरताना टाचा परत लॉक करायच्या असतात, ते मी विसरलो. सहा वेळा पडलो. शेवटच्या वेळी मी उठलोच नाही. रडू आलं. थंडीने डोळ्यांना पाणी येतंच, असं मी कार्लला सांगितलं. तो म्हणाला, शुअर.

कार्लने मला स्वतःच्या गाडीतून घरापर्यंत सोडलं. साडेचार तास आम्ही दोघंच. याच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात. सॅक्रामेंटो मागे पडल्यावर तो हळूच म्हणाला, टिम, तू पुढे काय करायचा विचार केलायस का? अखेर विषय निघाला. मी म्हटलं, कार्ल, आय ॲम रेडी फॉर एनीथिंग. त्याने मोठा श्वास सोडला. म्हणाला, हे ऐकून बरं वाटलं. यू आर मेकिंग धिस ईझिअर.

बूट ब्लीचने धुवायला टाकलेत. अमित म्हणाला, मी ते कधीच घालणार नाही.

५ मार्च, मंगळवार

कुबड्या घेऊन ऑफिसला. विनयने वीकेंडला एकट्याने घोळ शोधून काढला, यील्ड वर गेलं. रविवारी व्हाइस प्रेसिडेंट सहज चक्कर मारायला आला होता म्हणे, तेव्हा टेस्टरपाशी हाच एकटा. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, बघ, तुला थांबवलं ते बरं झालं ना? तो माझ्याकडे नीट बघेना. गुडघा बघून वाईट वाटलं असावं.

शुक्रवारी चारला हॅरल्डच्या खोलीत यायला सांगितलंय. मृणालिनीला फोन करून सांगितलं, श्रीखंड कर. किती तरी दिवसांनी ती फोनवर हसली.

८ मार्च, शुक्रवार

हॅरल्डच्या खुर्चीत विनय बसला होता. समोर पर्सोनेलची बाई, हातात पाकीट. कार्ल नव्हता. त्या बाईने सांगितलं की कार्लला वाटलं, तुला तुझ्या भाषेत ऐकायला सोपं जाईल. मग विनय बोलला.

म्हणाला, काका, बसा. मी म्हटलं, काँग्रॅच्युलेशन्स. तो म्हणाला, काका, तुमची नोकरी गेली. मी इंग्रजीत विचारलं, व्हॉट डू यू मीन? तो पुन्हा मराठीत म्हणाला, नोकरी गेली काका, आजचा शेवटचा दिवस. मी त्यांना सांगून पाहिलं. ऐकलं नाही. त्याचे डोळे भरले होते आणि बाई घड्याळ बघत होती.

मला त्याचा राग यायला हवा. येत नाही. कार्लने सांगितलं असतं तर पोझिशन, डायरेक्शन, अपॉर्च्युनिटी असं काहीतरी म्हणाला असता, आणि सांता क्लाराहून घरी पोचेपर्यंत मी त्या शब्दांचं प्रमोशन करून टाकलं असतं. तुमची नोकरी गेली याचं काय करता येतं? वाटभर प्रयत्न केला. तीन शब्दांचं काही होईना.

आता सव्वासात. गॅरेजमध्ये गाडीत बसून लिहितोय. आत टेबल मांडलंय, वाटीचा आवाज येतोय. मृणालिनी दार उघडून दोनदा विचारून गेली, काय म्हणाले. मी म्हटलं, येतो, सांगतो.

तिला इंग्रजीत सांगता येणार नाही.